साहित्यात पीएच.डी., अमेरिकेत: अर्जापासून पहिल्या स्टायपेंडपर्यंतचा खर्च

अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांत साहित्याच्या पीएच.डी.साठी अर्ज करायचा तर हातून साधारण एक लाख रुपये जातात. प्रवेश मिळो न मिळो, त्यातलं काहीही परत येत नाही. प्रवेश मिळालाच तर विमानात बसेपर्यंत आणि तिथे घर मिळेपर्यंत आणखी तीन लाखांची जुळवाजुळव करावी लागते. त्यानंतर मात्र, विभाग नीट निवडला असेल तर, पुढची पाच वर्षं शिक्षणशुल्क विद्यापीठ सोसतं आणि राहण्या-खाण्यापुरता स्टायपेंडही देतं.

हे शेवटचं वाक्य घरी आधी सांगा. अमेरिकेत शिकायचं म्हणजे पन्नास लाखांचं कर्ज, हा आपल्याकडचा समज इंजिनिअरिंगच्या एम.एस.वरून आलेला आहे आणि तिथे तो बरोबरही आहे. साहित्याच्या पीएच.डी.ला तो लागू नाही. नांदेड-सोलापूरकडचे, इंग्रजी किंवा मराठी घेऊन एम.ए. झालेले कितीतरी चांगले वाचक या समजापायी अर्जच करत नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटते. त्यांच्यासाठीच हा हिशेब मांडते आहे. आकडे २०२५ अखेरच्या अर्जफेरीचे आहेत आणि डॉलर ९० रुपयांचा धरला आहे. रकमा दरवर्षी थोड्या हलतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जो आकडा असेल तोच खरा माना.

अर्जाची फी

प्रत्येक विद्यापीठ अर्जासाठी वेगळी फी घेतं. प्रिन्स्टनची ७५ डॉलर आहे, स्टॅनफर्डची १२५, आणि बर्कलीसारख्या सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याला १५० डॉलरच्या वर मोजावे लागतात. सरासरी १०० डॉलर धरा. आठ अर्जांचे ८०० डॉलर, म्हणजे ७२,००० रुपये. ही रक्कम साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने भरली तर बँक परकीय चलनासाठी बहुधा साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लावते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. ७२,००० वर हे जवळजवळ ३,००० रुपये होतात. हा आकार न घेणारी किंवा कमी घेणारी कार्डं मिळतात. अर्ज करण्याच्या महिनाभर आधी बँकेत विचारून ठेवा, कारण शेवटच्या रात्री आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असलेलं कार्ड हातात घेऊन काहीच करता येत नाही.

फी माफ होऊ शकते. पुष्कळ विद्यापीठं आर्थिक अडचण असलेल्या उमेदवाराला फी वेव्हर देतात. काही ती फक्त अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना देतात, काही सर्वांना. कुठे विद्यापीठाच्या ऑनलाइन माहितीसत्राला हजर राहिलं तरी माफी मिळते. नियम एकच: पैसे भरायच्या आधी मागायची. एकदा भरलेली फी परत मिळत नाही, आणि माफीच्या अर्जाची मुदत मुख्य अर्जाच्या एक-दोन आठवडे आधीच संपते. सप्टेंबरमध्येच आठही ठिकाणच्या ग्रॅज्युएट प्रवेश कार्यालयांना चार ओळींचा ईमेल पाठवा. उत्पन्नाचा दाखला मागतील, तो तहसील कार्यालयातून आधीच काढून त्याचा इंग्रजी अनुवाद तयार ठेवा. आठपैकी दोन ठिकाणी जरी माफी झाली तरी १८,००० रुपये वाचले.

परीक्षा: बहुतेकांना एकच लागते

जीआरईची भारतातली फी २२,००० रुपयांच्या आसपास आहे. ती भरण्याआधी थांबा. इंग्रजी आणि तौलनिक साहित्याच्या बहुतेक विभागांनी जीआरई मागणं बंद केलं आहे. इंग्रजी साहित्याची जी वेगळी विषय-परीक्षा होती, ती तर २०२१ मध्ये कायमची थांबली. तरीही क्लासवाले साहित्याच्या विद्यार्थ्याला जीआरईच्या बॅचमध्ये बसवतात. तुमच्या यादीतल्या एकाच विद्यापीठाला ती हवी असेल, तर त्या एका नावासाठी २२,००० रुपये आणि तीन महिने द्यायचे का, हा विचार करा. मी ते नाव यादीतून काढून टाकेन.

इंग्रजी भाषेची परीक्षा मात्र टाळणं कठीण. पदवीचं शिक्षण पूर्णपणे इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर काही विद्यापीठं ती माफ करतात. त्यासाठी महाविद्यालयाकडून माध्यमाचं पत्र घ्यावं लागतं. बर्कलीसारखी काही विद्यापीठं भारतातल्या पदवीधरांकडून ती साधारणपणे मागतातच. टोफेलला १६-१७ हजार रुपये लागतात आणि गुण चार ठिकाणी मोफत जातात. पुढच्या प्रत्येक विद्यापीठाला गुण पाठवायला २५ डॉलरच्या आसपास वेगळे पडतात. म्हणजे आठ विद्यापीठांसाठी टोफेलचा खरा खर्च २५-२६ हजार होतो. डुओलिंगोची परीक्षा सुमारे ७० डॉलरना, म्हणजे ६,३०० रुपयांना, घरी बसून देता येते आणि गुण कितीही ठिकाणी मोफत पाठवता येतात. ती सगळीकडे चालत नाही. आठही ठिकाणी चालते का हे आधी तपासा, आणि चालत असेल तर दुसरीकडे पैसे घालू नका. दोन्ही परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात. यंदा प्रवेश झाला नाही तरी पुढच्या फेरीत हा खर्च पुन्हा करावा लागत नाही.

गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट यांचा खर्च त्या मानाने किरकोळ. विद्यापीठागणिक दर वेगळा असला तरी तीन-चार हजार बाजूला ठेवा. बहुतेक ठिकाणी अर्जाच्या वेळी स्कॅन केलेली प्रत चालते. मोहोरबंद प्रत प्रवेश मिळाल्यावरच मागतात. गुणपत्रिकांचं अमेरिकी पद्धतीने मूल्यांकन करून देणाऱ्या संस्था २०० डॉलरच्या आसपास घेतात. विभागाने स्पष्ट शब्दांत मागितल्याशिवाय तिकडे वळू नका. खरी अडचण पैशाची नसते, वेळेची असते. परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्ट हातात पडायला महिना-दीड महिना लागू शकतो आणि दिवाळीची सुट्टी नेमकी त्यातच येते. ऑगस्टमध्ये अर्ज टाका.

आठच का, आणि कोणती

आता या सगळ्या खर्चाचा कळीचा मुद्दा. पैसे वाया जातात ते महागड्या फीमुळे नाही, तर ज्या विभागात तुमचं काम वाचणारं कोणीच नाही तिथे अर्ज केल्यामुळे. चांगल्या विभागात काहीशे अर्ज येतात आणि जागा दहाच्या आतबाहेर असतात. निवड समितीतले प्राध्यापक पाहतात ते एवढंच, की या उमेदवाराच्या प्रश्नावर आपल्यापैकी कोण पाच वर्षं मार्गदर्शन करेल. कोणी नसेल तर लेखन कितीही उत्तम असो, अर्ज बाजूला जातो. नामांकित म्हणून निवडलेली पंधरा विद्यापीठं आणि काम पाहून निवडलेली सहा, यांत मी डोळे मिटून सहा निवडेन.

मराठीच्या विद्यार्थ्याला इथे एक मोठी सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. साहित्यात संशोधन करायला फक्त इंग्रजीचा विभाग नसतो. तौलनिक साहित्य, दक्षिण आशियाई भाषा, आशियाई अभ्यास, धर्माचा अभ्यास अशा विभागांत मराठी येणं हे तुमचं भांडवल ठरतं. अरुण कोलटकरांच्या दुभाषिक कवितेवर काम करायचं आहे? रटगर्स विद्यापीठातल्या अंजली नेर्लेकर यांचं ‘बॉम्बे मॉडर्न’ हे २०१६ चं पुस्तक नेमकं त्यावर आहे, आणि मुंबईच्या कवींची कागदपत्रं कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा आहेत. नामदेव, ज्ञानेश्वर, चक्रधर यांच्याकडे जायचं असेल तर वॉशिंग्टन विद्यापीठातले ख्रिश्चन नोवेत्झके यांचं काम आधी वाचायला हवं. एकनाथांवर, संतांच्या पंक्तीतल्या जेवणावर आणि जातीवर मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या जॉन क्यून यांचं पुस्तक २०२१ मध्ये आलं. ही नावं अर्ज करण्याची शिफारस म्हणून देत नाही. कोण कुठल्या विभागात पीएच.डी.चे विद्यार्थी घेतं, कोण रजेवर आहे, कोण निवृत्त होतंय, हे ज्याचं त्याने पाहायचं आहे. यादी कशी तयार होते ते दाखवण्यापुरती ही नावं आहेत. आधी पुस्तक, मग त्याचा लेखक, मग त्याचा विभाग, आणि सर्वांत शेवटी विद्यापीठाचं नाव.

यादी झाली की त्या-त्या विभागात यंदा प्रवेश आहेत का ते पाहा. हा प्रश्न पूर्वी विचारावा लागत नसे. बोस्टन विद्यापीठाने २०२५-२६ साठी इंग्रजीसह मानव्यविद्या आणि सामाजिकशास्त्रांतल्या डझनभर पीएच.डी. कार्यक्रमांना नवे विद्यार्थी घेतले नाहीत. शिकागो विद्यापीठाने ऑगस्ट २०२५ मध्ये मानव्यविद्यांतल्या अनेक विभागांचे पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवत असल्याचं जाहीर केलं. मराठीच्या अभ्यासाची जुनी परंपरा असलेलं विद्यापीठ म्हणून शिकागोचं नाव आपल्याकडे हमखास घेतलं जातं. तिथे जायचं मनात असेल तर विभागाच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. विचारायला पैसे पडत नाहीत. प्राध्यापकांना लिहायलाही पडत नाहीत. सप्टेंबरात तीन परिच्छेदांचं पत्र लिहा: काय वाचलं, कुठला प्रश्न पडलाय, यंदा तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का. ‘नाही’ असं उत्तर आलं तर ९,००० रुपये वाचले, आणि उत्तरच आलं नाही तरी अर्ज करायला हरकत नाही.

जिथे पैसे देऊ नयेत

सल्लागार संस्था पन्नास हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत ‘पॅकेज’ सांगतात. त्यांची घडण एम.एस. आणि एम.बी.ए.साठी झालेली असते. साहित्याच्या अर्जात वजन असतं ते पंधरा-वीस पानांच्या रायटिंग सॅम्पलला आणि दोन पानांच्या उद्देशपत्राला. तुम्ही ज्या पुस्तकावर लिहिता ते ज्याने वाचलेलं नाही, त्याला हे दोन्ही लिहिता येत नाही, सुधारताही येत नाही. विकत घेतलेलं उद्देशपत्र अशी पत्रं वर्षानुवर्षं वाचणाऱ्या प्राध्यापकाला पहिल्या परिच्छेदात ओळखू येतं. प्रक्रियेची माहिती हवी असेल तर मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानाचं एज्युकेशनयूएसए केंद्र आहे आणि तिथली प्राथमिक माहिती विनामूल्य मिळते.

तेच पैसे आणि त्याहून जास्त वेळ त्या पंधरा पानांवर घाला. जेस्टोरवर मोफत खातं उघडलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. पुण्यात जयकर ग्रंथालय आणि मुंबईत एशियाटिक सोसायटी व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे जी सामग्री आहे, ती अमेरिकेतल्या उमेदवाराकडे नाही. एम.ए.च्या प्रबंधातलं एक प्रकरण घेऊन ते तीनदा नव्याने लिहा आणि दोन वेगळ्या वाचकांना द्या. त्यातला एक विषयातला असावा, दुसरा नसावा.

शिफारसपत्रं तीन लागतात आणि ती फुकट असतात. पण विद्यापीठांची पोर्टल्स शिफारस करणाऱ्याचा संस्थेचा ईमेल मागतात आणि आपल्या पुष्कळ महाविद्यालयांतले सर-मॅडम जीमेलवरच असतात. काही ठिकाणी असं पत्र पडताळणीत अडकतं. महाविद्यालयाच्या नावाचा ईमेल सुरू करून घ्या, आणि सरांना ऑक्टोबरातच तुमचं उद्देशपत्र, गुणपत्रिका आणि विद्यापीठांच्या तारखांचा कागद नेऊन द्या. बहुतेक मुदती १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान संपतात, आणि तेव्हा आपल्याकडे सत्रपरीक्षांची धामधूम असते.

निकालानंतरचं पत्र

फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरं येतात. काही विद्यापीठं पीएच.डी.ला नकार देतात आणि त्याच पत्रात स्वखर्चाच्या एम.ए.चं आमंत्रण देतात. इथे फार सावध राहा. नामांकित खासगी विद्यापीठात एका वर्षाच्या एम.ए.चं शुल्क आणि राहणं मिळून ७०-८० लाख रुपयांच्या घरात जाऊ शकतं. अर्धी सवलत मिळाली आणि ४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं, तरी महिन्याचा हप्ता सुमारे ५५,००० रुपये बसतो. परत येऊन तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला हा हप्ता सगळं मानधन ओतूनही झेपत नाही. साहित्यातल्या पदवीसाठी असं कर्ज काढू नये, हे माझं ठाम मत आहे. काही सरकारी विद्यापीठांत शिकवण्याच्या मोबदल्यात एम.ए.चंही शुल्क माफ होतं आणि स्टायपेंड मिळतो. एम.ए. करायचंच असेल तर ती शोधा.

पीएच.डी.ला हो आलं तर आनंद करा, आणि मग पत्रातली आर्थिक बाजू दोनदा वाचा. स्टायपेंड वर्षाला २५ हजारांपासून ५० हजार डॉलरपर्यंत कुठेही असू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो नऊ महिन्यांचा आहे की बाराचा. नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्यातले तीन महिने कशावर काढायचे? एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाबाहेर सहजासहजी नोकरी करता येत नाही. किती वर्षांची हमी आहे, आरोग्यविमा कोण भरतं, शुल्कमाफीतून सुटणारी ‘विद्यार्थी फी’ दर सत्राला किती, शिकवायचं काम कितव्या वर्षापासून, हे सगळं ईमेलवर लेखी विचारा. या प्रश्नांचा कोणी राग मानत नाही. त्या गावात सध्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घरभाडं विचारा. छोट्या गावातले ३० हजार डॉलर न्यूयॉर्कमधल्या ४० हजारांपेक्षा जास्त दिवस पुरतात.

घाई करू नका. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा विद्यार्थ्याला असते. दोन ठिकाणांहून हो आलं असेल तर एकाचा आकडा दुसऱ्याला नम्रपणे कळवता येतो आणि कधीकधी रक्कम वाढतेही.

शिष्यवृत्त्यांबद्दल थोडक्यात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. दलित साहित्यावर किंवा मराठी संतांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यावर हा थेट अन्याय आहे. विषय ठरवण्याआधी चालू वर्षाची नियमावली वाचा. जे. एन. टाटा एंडॉवमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने मदत करते. स्टायपेंड सुरू होण्याआधीच्या खर्चासाठी तिचा उपयोग होऊ शकतो.

अमेरिकेचं जमलं नाही तर दुसरी वाट असावी म्हणून याच वर्षी नेटचाही फॉर्म भरून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते. खुल्या गटाला १,१५० रुपये, ईडब्ल्यूएस व ओबीसींना ६००, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना ३२५. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, आणि जाधवपूरचा तौलनिक साहित्याचा विभाग, जेएनयू, हैदराबादचं इफ्लू यांपैकी कुठेही दार ठोठावता येतं.  तिथे काम करून नंतर परदेशी जाणारेही आहेत.

निघताना

एफ-१ व्हिसासाठी सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची फी ३५० डॉलर, म्हणजे ३१,५०० रुपये. व्हिसा अर्जाची १८५ डॉलर, म्हणजे १६,६५० रुपये. २०२५ च्या अमेरिकी कायद्याने यावर २५० डॉलरचं आणखी एक शुल्क मंजूर केलं आहे, तेव्हा आणखी २२,५०० रुपयांची तयारी ठेवा आणि वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहा. बोटांचे ठसे आणि मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असतात. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्हींकडच्या विद्यार्थ्याला सहसा मुंबईत बीकेसीत यावं लागतं. कुडाळहून किंवा लातूरहून येणाऱ्याने दोन मुक्काम धरावेत. पूर्ण आर्थिक साहाय्य असेल तर निधीचा पुरावा म्हणून विद्यापीठाचं पत्र पुरतं. बँकेत वीस-तीस लाख दाखवण्यासाठी कोणाकडे हात पसरू नका, आणि चार्टर्ड अकाउंटंटकडून संपत्तीचे दाखले काढण्यातही पैसे घालू नका.

विमानाचं एकेरी तिकीट ६० ते ९० हजार. लसी इथेच टोचून घ्या आणि दाखला सोबत न्या. तिथे त्या फार महाग पडतात. आणि सर्वांत मोठी रक्कम लागते ती पहिल्या महिन्यात: एका महिन्याचं भाडं आणि तेवढंच डिपॉझिट, मिळून २,००० डॉलरच्या आसपास, म्हणजे १,८०,००० रुपये. शिकवणी ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होते, पहिला स्टायपेंड पुष्कळ ठिकाणी सप्टेंबरअखेर हातात पडतो. घरमालक तोवर थांबत नाही. जूनमध्ये विभागाच्या कार्यालयाला दोन गोष्टी विचारा: स्टायपेंडचा काही भाग आगाऊ मिळतो का, आणि नव्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी तात्पुरतं कर्ज आहे का. काही विद्यापीठांत दोन्ही असतं, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळत असेल तर पहिलं वर्ष तिथेच काढा. तिथलं भाडं बहुधा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर लागतं आणि डिपॉझिटचा प्रश्न उरत नाही.